काचेखालचं ऊन

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. ग्लायडरच्या बैठकीवर जे पारदर्शक झाकण असतं, ती काच नव्हे. पर्स्पेक्स नावाचं ते एक प्रकारचं प्लास्टिक असतं. तापवून, साच्यावर वाकवून त्याला घुमटासारखा आकार देतात. आम्ही कामावर त्याला कॅनॉपी म्हणायचो. ‘आम्ही’ म्हणजे मी एकटा. बाकी सगळे, म्हणजे दोर ओढणारे, स्टोअरचे कारकून, शिकायला आलेले कॉलेजचे विद्यार्थी आणि आमचे प्रमुखसुद्धा, तिला ‘काच’च म्हणायचे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत ‘काच नव्हे, कॅनॉपी’ हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन, देव जाणे. शेवटी शेवटी लोक मला पाहिलं की मुद्दाम विचारायचे, “काय बीएस्सी, काच बरी आहे ना?”

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे की आकाशातल्या गमतीजमती सांगा. माझी पंचाईत अशी की मी आकाशात फारसा गेलोच नाही. मी तांत्रिक सहायक होतो. माझं सगळं काम जमिनीवर आणि बरंचसं हातात मऊ फडकं घेऊन. तेव्हा आकाशातली गंमत माझ्याकडे नाही. जमिनीवरचा वैताग भरपूर आहे, तो सांगतो.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. माळाच्या एका टोकाला विंच नावाचं यंत्र असतं. ते पोलादी दोर भराभर गुंडाळतं आणि दुसऱ्या टोकाला बांधलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. पुरेसं वर गेलं की चालक दोर सोडून देतो. त्यानंतर भरवसा फक्त उन्हाचा. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, ती सापडली तर घारीसारखं गरगरत तासभर राहता येतं. नाही सापडली तर पाच मिनिटांत खाली. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने आमच्या ग्लायडिंग केंद्राची छावणी कामथडीजवळच्या एका माळावर असायची. समोर वेल्ह्याचे डोंगर, मागे सातारा रस्ता, आणि वर दिवसभर ऊन.

मी भोरचा. वडील बाजारात पोती वाहायचे. आमच्या वस्तीत मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. शाळेतल्या सरांनी स्वतः पुण्याला येऊन माझा कॉलेजचा फॉर्म भरला होता. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून बी.एस्सी. झालो, पदार्थविज्ञान घेऊन. शिकलेलं उपयोगी पडलंच पाहिजे, असं तेव्हा मला फार वाटायचं. ते लोकांना किती जड जात असेल हे आता कळतं. या नोकरीआधी दोन वर्षं मी पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत नकाशे गिरवायचो. ते काम इथे सांगायचं कारण पुढे येईल.

कॅनॉपीची निगा राखणं फार नाजूक काम आहे. पर्स्पेक्सला ओरखडा लगेच पडतो. समोरून ऊन आलं की एकेक ओरखडा चमकतो आणि चालकाला पुढचं विमान दिसत नाही. पेट्रोल, स्पिरिट, रंगाचं थिनर यांतलं काही लागलं तर बारीक बारीक तडे जातात, जळमटासारखे. म्हणून ती फक्त पाण्याने आणि साबणाने धुवायची, मलमलीने टिपायची. हे मी मागणीपत्रात सविस्तर लिहायचो. स्टोअरवाले त्यातला एकच शब्द वाचत असावेत. ‘काच पुसण्यासाठी’ म्हणून मला एकदा स्पिरिटचा डबा आला, एकदा वर्तमानपत्रांची रद्दी आली, आणि एकदा न मागता मोटारीच्या पुढच्या काचेचा वायपर आला.

पण सर्वांत मोठा तडाखा मला पासलीत बसला.

आमचा एक विद्यार्थी एकटा उडत असताना डोंगरांकडे फार आत गेला. चढती हवा संपली आणि तो वेल्ह्याच्या पलीकडे, पासलीजवळ भाताच्या रिकाम्या खाचरात उतरला. असं होतं, त्यात गैर काही नाही. तो वेल्ह्याला जाऊन तार करून आला. आम्ही ट्रकला लांबलचक गाडा जोडून निघालो. मी होतो, आणि आमचे प्रशिक्षक रेणुसे सर. रेणुसे मूळचे पासलीचेच. आधी हवाई दलात तंत्रज्ञ होते, तिथून सुटल्यावर ग्लायडर शिकले आणि शिकवू लागले. पस्तिशीचा माणूस, अंगाने सडपातळ. विद्यार्थ्यांशी इंग्रजी-हिंदीत बोलायचे, माझ्याशी मात्र घरच्या बोलीत.

पोचलो तेव्हा ग्लायडरभोवती अर्धं गाव बसलं होतं. पंखाला कुणी हात लावलेला नव्हता. विद्यार्थ्याने ‘लक्ष ठेवा’ म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी खरोखर ठेवलं होतं. फक्त कॅनॉपी मला विचित्र दिसली. ती आरपार नव्हती, दुधी झाली होती.

“हे कोणी केलं?” मी ओरडलोच.

“म्या,” एक साठीची बाई कौतुकाने पुढे आली. रेणुशांची चुलती, सोनाकाकी. “लई धुरळा बसला व्हता बगा. कंदिलाची काच घासतो तशी राखंनं घासली. आतनं बी घासनार व्हते, पर उगडायचं कसं त्ये गावंना.”

रेणुसे दुसरीकडे तोंड करून हसत होते. “काकी, ह्ये आमचे बीएस्सी. ते म्हनत्यात ती काच न्हाई.”

“काच न्हाई? मंग आरपार दिसतंय कसं?”

“आता नाही दिसत,” मी म्हणालो.

तिला ते लागलं नाही. तिने आम्हाला गुळाचा चहा दिला. निघताना रेणुशांचा हात धरून ती हळूच म्हणाली, “हात दाव बरं. त्येल लावतोस का न्हाई?” रेणुसे “लावतो, लावतो” म्हणाले आणि त्यांनी शर्टाची बाही खाली ओढून बटण लावलं. मला वाटलं, उन्हातान्हात काम करणाऱ्या पुतण्याला ती खोबरेल लावायला सांगते आहे. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त राख होती. पुढे आठ दिवस दात घासायची पेस्ट आणि मलमल घेऊन मी ती कॅनॉपी चोळत बसलो. “बीएस्सी दात घासताहेत,” असं विद्यार्थी म्हणायचे.

मी असा वैतागलेला असतानाच रेणुशांच्या हाताचं प्रकरण सुरू झालं.

त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर फोड आले. साधे नव्हेत, पाण्याने भरलेले, रुपयाएवढे. ते बसले की तिथे काळपट डाग राहायचा आणि आठवड्याने पुन्हा नवे उठायचे. ग्लायडर चालवताना उजवा हात दांडीवर असतो, मागच्या बैठकीत प्रशिक्षक, पुढे विद्यार्थी. आधी कुणी काही बोललं नाही. मग एका मुलाने तो आजारी असल्याचं सांगून फेरी टाळली. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्याच्या वडिलांचं पुण्याहून पत्र आलं. आमचे प्रमुख सबनीस साहेब यांनी रेणुशांना तंबूत बोलावून हात पाहिला, आणि फोडांच्या मध्ये, पहिल्या बोटाच्या मुळाशी, त्यांना एक पांढरा चट्टा दिसला.

त्या काळात पांढऱ्या चट्ट्याला लोक काय समजायचे हे वयस्कर वाचकांना सांगायला नको. कोड आणि महारोग यांतला फरक शिकलेल्यांनाही ठाऊक नसायचा.

“रेणुसे, माझा नाइलाज आहे,” साहेब म्हणाले. “आजपासून उडणं बंद. मी मुख्य कचेरीला लिहितो आहे. त्वचारोग, बहुधा संसर्गजन्य. शनिवारच्या टपालाने पत्र जाईल.”

तो दिवस बुधवार होता. असं पत्र गेलं असतं तर रेणुशांचा परवाना गेला असता आणि परवाना गेलेल्या प्रशिक्षकाला दुसरं काय येतं? हवाई दल सुटलेलं, शेती डोंगरउतारावरची, तीन भावांत वाटलेली. ते तंबूतून बाहेर आले आणि विंचपाशी दोर तपासत बसले. काम नव्हतं तरी.

मला त्या फोडांचं कारण माहीत आहे, अशी माझी खात्री होती. ऊन. पण हे बोलल्याबरोबर साहेबांनी ते निकालात काढलं.

“गायकवाड, तो माणूस दिवसभर काचेखाली बसलेला असतो. काचेतून ऊन लागतं का कधी?”

“साहेब, ती काच नव्हे...”

“पुरे!”

आता थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. आपण ‘ऊन’ म्हणतो तो एक पदार्थ नाही, त्यात तीन गोष्टी आहेत. एक, दिसतो तो उजेड. दुसरी, उष्णता. आणि तिसरी, जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण, ज्यांना पुस्तकात अतिनील म्हणतात. कातडी भाजते, रापते ती या तिसऱ्यामुळे. मराठीत या तिन्हींना शब्द एकच, म्हणून माणसं गरम वाटलं नाही की ऊन नाही असं समजतात. खिडकीच्या काचेमागे बसून कातडी सहसा भाजत नाही हे खरं आहे, कारण काच त्या किरणांतले सर्वांत तिखट तेवढे अडवते. बाकीचे पुष्कळ आत येतात. आणि आमची कॅनॉपी तर काचेपेक्षाही उदार होती. त्यात वर गेल्यावर खालचा धुरळा नाही, डोक्यावर सावली नाही, आणि जमिनीवरसुद्धा पाळी येईपर्यंत धूळ नको म्हणून झाकण लावून बसायचं. रेणुसे दिवसाला वीस-वीस फेऱ्या मारायचे.

हे सिद्ध करायला माझ्याकडे यंत्र नव्हतं. पण नकाशे गिरवायच्या नोकरीतली एक युक्ती होती. तिथे आम्ही नकाशाच्या प्रती उन्हात काढायचो. फेरो पेपर नावाचा फिकट कागद असतो. त्यावर नकाशा ठेवायचा, वरून काच दाबायची आणि चौकट अंगणात उन्हाला मांडायची. मग कागद पाण्यात धुतला की ऊन लागलेला भाग गडद निळा होतो, न लागलेला पांढरा राहतो. त्या कागदाला उष्णता कळत नाही, त्याला कळतात ते मुख्यतः हेच न दिसणारे किरण आणि त्यांच्या शेजारचे जांभळे-निळे. आणि गंमत बघा, आम्ही हे सगळं काचेखालीच करायचो! काचेतून ऊन येत नसतं तर महाराष्ट्रातल्या एकाही धरणाचा नकाशा निघाला नसता.

गुरुवारी भोरला जाऊन जुन्या सहकाऱ्याकडून काळ्या कागदात गुंडाळलेला फेरो पेपर आणला. त्याच्या पट्ट्या कापल्या. एक उघड्या माळावर ठेवली, एक कॅनॉपीखाली दांडीपाशी, एक तंबूत. दहा मिनिटांनी तिन्ही बादलीत धुतल्या. माळावरची गडद निळी झाली, तंबूतली जेमतेम निळसर. कॅनॉपीखालची माळावरच्या पट्टीशेजारी धरली तर कोणती कोणती ते मागे खूण पाहिल्याशिवाय सांगता येईना.

मी त्या ओल्या पट्ट्या घेऊन जवळजवळ धावतच साहेबांकडे गेलो. त्यांनी तिन्ही पट्ट्या नीट पाहिल्या. ते मूर्ख नव्हते, हेच तर वैतागाचं कारण.

“मान्य,” ते म्हणाले. “ऊन आत येतं. मग मला सांगा, त्याच काचेखाली पंधरा मुलं बसतात. एकाला तरी फोड आहे? गेल्या वर्षी हेच रेणुसे, हीच काच. तेव्हा फोड होते? आणि मागच्या खेपेला फोड आले ते मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी. माणूस घरी झोपला होता. हे तुमचं ऊन सुट्टीच्या दिवशीही कामावर असतं का?”

 तीन प्रश्न, तिन्ही रास्त. मी पट्ट्या खिशात घातल्या, आणि माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या शर्टाला निळे डाग पडले ते पडले.

शुक्रवारी सकाळी मी पाण्याच्या टाकीपाशी गेलो तर रेणुसे तोंड धूत होते. बाह्या वर केलेल्या. मला पाहून त्यांनी खाली ओढल्या, पण तेवढ्यात मला मनगटापासून कोपराकडे गेलेली एक रेघ दिसली. करंगळीएवढी, तांबूसकाळी, नागमोडी, आणि टोकाला थेंबासारखी फुगलेली.

नकाशे छापणाऱ्या माणसाला असल्या रेघेची भीती असते. कागदावर ओल्या हाताचा थेंब पडला की तो असाच उतरतो आणि धुतल्यावर नकाशात नसलेली नदी दिसू लागते. मी कितीतरी वेळा त्यासाठी बोलणी खाल्ली होती. उन्हाची कड सरळ असते, सावलीची असते तशी. ऊन ओघळत नाही. ओघळतं ते पाणी, नाहीतर तेल. आणि तेव्हा मला पासलीची सोनाकाकी आठवली.

“सर, तुम्ही हाताला कुठलं तेल लावता?”

“कुटलं त्येल? काय न्हाई.”

“काकी विचारत होत्या.”

 रेणुशांनी टाकीचा नळ बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला.

“बीएस्सी, तुमाला दुसरं काम न्हाई का?”

“उद्या टपाल जाणार आहे, सर.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चट्टा आठ महिन्यांपूर्वी उठला होता. धाकट्या बहिणीची सोयरीक चालली होती, आणि भावाला कोड आहे असं कळलं तर पोरीच्या घराण्यावर बोट येईल, म्हणून त्यांनी ते काकीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. वेल्ह्याच्या बाजारात एक जाणते वैद्यबुवा बसायचे. त्यांनी कोडावर औषध म्हणून बावचीच्या बियांचं तेल दिलं होतं.

“त्यांनी सांगितलं, रोज न्हाई, दोन दिसांआड लावायचं. सकाळच्याला कवळ्या उनात पाव तास बसायचं. मंग हात धुवायचा आन् दिसभर ऊन चुकवायचं. कडक ऊन लागलं तर अंगावर फोड उटतील, असं बजावलं व्हतं त्यांनी.”

“मग तुम्ही ऊन चुकवलं नाही?”

रेणुसे माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की जणू वेडा मी आहे.

“चुकवलं की! काचंखालून भाईर आलो का कदी? जेवलो बी तितंच, काच लावून. बाकीचे झाडाखाली बसायचे, म्या म्हनलं, नगं, वैद्यांनी ऊन चुकवाया सांगितलंय.”

मी तिथे टाकीच्या कठड्यावर बसलोच. तो शिस्तीचा माणूस, हवाई दलात वाढलेला, वैद्यांचा शब्द न् शब्द पाळत होता. ऊन चुकवण्यासाठी तो दिवसभर जाऊन नेमका त्या घुमटाखाली बसत होता. आणि त्याला हे कुणी सांगितलं होतं? आम्ही सगळ्यांनी. आमच्या वर्गात शिकवलेल्या, आमच्या पाट्यांवर लिहिलेल्या ‘काच’ या एका शब्दाने. बावचीत असा गुण असतो की ती लागलेल्या कातडीला ते न दिसणारे किरण अनेक पटींनी झोंबतात, आणि त्याच दिवशी नव्हे, दोन दिवसांनी. म्हणजे रविवारच्या फेऱ्यांचे फोड मंगळवारी. साहेबांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला एकदम मिळाली आणि आनंद काही होईना.

“सर, हे साहेबांना सांगावं लागेल. कोडासकट.”

“नुसतं ऊन म्हना. त्येलाचं नका लिवू.”

“नुसत्या उन्हावर ते विश्वास ठेवत नाहीत. ठेवूही नये.”

“तुमी लई शिकला, बीएस्सी,” ते म्हणाले. यात कौतुक नव्हतं. मग टाकीला पाठ टेकली. “साहेबास्नी दावा. पर भाईर जाऊ देऊ नका. पोरीचं जमूस्तवर तरी.”

मी कबूल झालो. हे नीट लक्षात घ्या, मी शब्द दिला.

शनिवारी सकाळी पहिल्या एस.टी.ने आम्ही भोरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चट्ट्यावर टाचणी टोचली. रेणुसे “आयला!” म्हणून ओरडले तसे डॉक्टर समाधानाने हसले. महारोग असता तर टोचलेलं कळलं नसतं. हे साधं कोड, कुणाला लागत नाही, आणि फोड म्हणजे तेल आणि ऊन मिळून झालेलं भाजणं, असं त्यांनी लिहून दिलं. दुपारपर्यंत मी तीन पानी अहवाल तयार केला. आयुष्यातला माझा पहिला तांत्रिक अहवाल. पट्ट्या डकवल्या, ओघळाची आकृती काढली. साहेबांनी तो दोनदा वाचला, आधीचं पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. तेल बंद, हातमोजा घालायचा, फोड बरे झाले की उडायला हरकत नाही. मला म्हणाले, “गायकवाड, हे सगळ्या मुलांना कळायला हवं.”

ते फक्त उन्हाबद्दल बोलत होते, हे मला आज कळतं. मी तेव्हा फुशारलेलो होतो. पंधरा विद्यार्थी त्या झाकणाखाली बसतात, त्यांतला कुणी उद्या कसलंतरी मलम लावून बसेल, त्याला सावध करणं माझं कर्तव्य, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. रविवारी मी अहवालाचा सारांश सुवाच्य अक्षरात काढून तंबूबाहेरच्या फळ्यावर लावला. तिथे वाऱ्याची दिशा आणि फेऱ्यांची यादी लागायची. रेणुशांचं नाव मी गाळलं होतं. ‘एका प्रशिक्षकाच्या हातावर कोडाचा चट्टा असून त्यावर तो बावचीचे तेल लावत असे’ असं लिहिलं होतं. नाव गाळलं म्हणजे शब्द पाळला, अशी माझी समजूत.

छावणीत प्रशिक्षक होते दोन. दुसरे प्रशिक्षक पंधरा दिवसांच्या रजेवर होते.

त्या सोयरिकीचं काय झालं ते लपवत नाही. ती मोडली. मुलाकडच्यांनी नुसता निरोप पाठवला की यंदा आमच्याकडे जमत नाही. छावणीला दूध घालणारा गवळी त्यांच्याच गावचा होता. माझा कागद त्याने वाचला नसेल, त्याला वाचता येत नव्हतं. पण तो वाचून दाखवणारी पंधरा तोंडं छावणीत होती. बहिणीचं लग्न पुढे दोन वर्षांनी दुसरीकडे झालं, चांगलं झालं. रेणुसे आपणहून मला त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी माफी मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “कोड म्या दडवलं, तुमी उगडं केलं. दोघं बी येडे.” तेल त्यांनी सोडलं ते कायमचं. चट्टा पसरत गेला. काही वर्षांत त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत पांढरा झाला. बावची सोडली नसती तर रंग परत आला असता का, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही, आणि मी ते विचारायचं थांबवलेलंही नाही.

पण सांगायचंय ते सोमवारचं.

फोड अजून पुरते बरे झाले नव्हते, पण साहेबांनी मोजा घालून दोन फेऱ्यांची परवानगी दिली होती. सकाळी रेणुसे फळ्यापाशी यादी बघायला आले. मी दहा पावलांवर कॅनॉपी पुसत होतो. ते वाचू लागले तसं मला काय केलंय ते उमगलं. माझ्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. मागे सगळी मुलं उभी होती.

रेणुशांनी सगळं वाचलं, शेवटपर्यंत. मग मान वळवून मला म्हणाले, “बीएस्सी, पेन हाय का?”

मी दिलं.

“छावणीत मास्तर म्या एकला. मंग ‘एका प्रशिक्षकाच्या’ कशापायी? नाव लिवायला लाजलात व्हय?”

त्यांनी ते दोन शब्द खोडले आणि वर ठळक अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. पेन मला परत दिलं. हातातला मोजा काढून खिशात कोंबला, आणि मुलांसमोर हात उताणा-पालथा करून दाखवला. पांढरा चट्टा, काळे डाग, ओघळ, सगळं.

“दिसलं? आता पहिला नंबर कोनाचा हाय?”

पहिला नंबर त्याच मुलाचा होता ज्याच्या वडिलांनी पत्र लिहिलं होतं. तो जागचा हलेना. रेणुसे तोवर मागच्या बैठकीत जाऊन बसले होते, पट्टे आवळले होते, आणि मग मोजाही त्यांनी हातात चढवला, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. पोराने एकदा तंबूच्या दारात उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आम्ही दोघेही दुसरीकडे बघत होतो.

“अहो, बसताय का, का वारा पडल्यावर बसनार?” रेणुसे आतून खेकसले. “ऊन तापलंय, हवा चढाय लागली. माझा हात बगाया दिसभर मिळंल, हवा न्हाई मिळायची!”

पोरगा बसला. मी कॅनॉपी लावली, कड्या तपासल्या आणि हात वर केला. दोर ताणला गेला.